धाकटा मागून आला

ती घटना विसरावी असे मला पुष्कळदा वाटले. जी प्रकरणे मी तडीस नेली त्यांची प्रशस्तिपत्रके कपाटात आहेत, आणि त्यांतली माणसे मला आता धड आठवतही नाहीत. या प्रकरणाचे प्रशस्तिपत्रक नाही. यातला प्रत्येक माणूस मात्र चेहऱ्यासकट आठवतो.

मी तेव्हा तुळजापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. गावाचे किंवा माणसांचे नाव सांगणार नाही. खटला संपला असला तरी ती माणसे तिथेच राहतात आणि एकाच एसटीने बाजाराला जातात.

गावात एका संस्थेचे अध्यक्ष होते. संस्था नेमके काय करते हे मला तीन वर्षांत समजले नाही, पण अध्यक्ष होते. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तेवीस शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यांपैकी दोघे आधीच्या वर्षी वारले होते. केक तलवारीने कापायचा आणि मग उघड्या जीपमधून मिरवणूक. मिरवणुकीत पिस्तुलाचा बार. या बाराची परवानगी कोणी मागितली नव्हती आणि आम्हीही कधी विचारले नव्हते, हेही इथेच लिहून ठेवतो.

त्या वर्षी सायंकाळी पाचच्या सुमारास जीप ग्रामपंचायतीसमोर आली. बार झाला. क्षणभराने दुसरा झाला, आणि जीपच्या पुढे हलगी वाजवणारा चाळिशीतला माणूस रस्त्यात खाली बसला. लोकांना वाटले नाचून दमला. गुलाल इतका होता की रक्त ओळखायलाही वेळ लागला.

मी पोहोचलो तेव्हा त्याला रुग्णालयात हलवले होते. तिथे तो मृत घोषित झाला. जीपच्या फळीवर काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. तासाभरात अध्यक्षांचा चालक हात जोडून ठाण्यात हजर झाला.

"साहेब, माझ्या हातून सुटली."

"पिस्तूल कुठंय?"

"दाखवतो की. घरी कडब्याच्या गंजीत ठेवलंय."

पंच घेतले, त्याच्या घरी गेलो. त्याने स्वतः गंजीत हात घालून पिस्तूल काढून दिले. मी मोजमापासह पंचनामा केला. इतका निर्दोष पंचनामा माझ्या हातून क्वचितच झाला असेल. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

पिस्तूल पाहून माझा जमादार म्हणाला, "साहेब, ह्याला दोन तोंडं हायेत." खरेच होते. एका मुठीवर शेजारी शेजारी दोन नळ्या, खाली दोन मॅगझीन, मागे दोन घोडे आणि चाप एकच. चाप ओढला की दोन्ही नळ्यांतून एकदम गोळ्या सुटाव्यात, दोन्ही पुंगळ्या बाहेर पडाव्यात आणि पुढची दोन काडतुसे आपोआप वर यावीत, अशी रचना. बाहेरच्या राज्यातल्या कुठल्याशा बेकायदा कारागिराने ते बनवले होते. एका नळीने भागणारे काम दोन नळ्यांनी करणे याला आपल्याकडे प्रतिष्ठा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मृताच्या मेहुण्याचा जबाब झाला. तोही हलगी वाजवायचा आणि घटनेच्या वेळी दाजीच्या शेजारीच होता. जीपवर अध्यक्ष, त्यांचा पुण्यात शिकणारा मुलगा आणि दोन कार्यकर्ते उभे होते. मेहुण्याला पिस्तुलाचा हात वर जाताना आणि खाली येताना दिसला, गुलालामुळे हात कोणाचा ते दिसले नाही. जबाब माझ्या रायटरने घेतला. रायटर प्रामाणिक होता, अक्षर मोत्यासारखे, आणि 'सदरहू' व 'नमूद' या शब्दांवर त्याचा फार जीव. तो गावकऱ्यांचे बोलणे ऐकायचा आणि त्याचे सरकारी मराठीत रूपांतर करून उतरवायचा. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मी शेजारच्या खोलीत होतो आणि मला मेहुण्याचा आवाज ऐकू येत होता.

"थोरला वर गेला. धाकटा मागनं आला. धाकट्यानंच आमच्या दाजीला घेतलं."

कागदावर आले ते असे : 'थोरले मालक जीपवर चढले. धाकटे मालक मागाहून आले. त्यांनीच माझ्या दाजींना ठार केले.' खाली नेहमीची ओळ : 'जबाब वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' मी तो वाचला आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही; हात ओळखला नसला तरी नाव तो अंदाजाने घेत असेल, असे मी धरले. अध्यक्षांना गाव 'थोरले मालक' म्हणत असे, आणि त्यांना एक भाऊ होता, त्याला 'धाकटे मालक'.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. ठाणे अंमलदाराने ती डायरीत लिहिली : "ड्रायव्हर स्टेअरिंगवर हुता. धाकट्याचं इचारा." एवढे बोलून फोन ठेवला होता.

आता मला सगळे लख्ख दिसू लागले. पोलीस अधिकाऱ्याला सगळे लख्ख दिसू लागले की समजावे, तो कुठेतरी चुकतो आहे. दोन आवाज, मध्ये अंतर. म्हणजे चाप दोनदा ओढला गेला, असे मी धरले; मग पुंगळ्या चारऐवजी दोनच का, हे मनातही आले नाही. पहिला बार आकाशात, दुसरा माणसावर. म्हणजे दुसऱ्या बाराला हेतू आला. धाकट्या मालकांचे मृताशी गेल्या वर्षी शेताच्या बांधावरून भांडण झाले होते, हेही गावात कळले. चालक स्वतःवर घेतो आहे तो धाकट्यांना वाचवायला. मी जीप काढली आणि धाकट्या मालकांना द्राक्षाच्या बागेतून उचलून आणले.

ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साहेब, म्या त्या दिवशी गावातच नव्हतो. उमरग्याला लग्नाला हुतो."

"सगळेच लग्नाला असतात."

"मी अक्षता टाकताना दिसंन तुमाला. बोलवा फोटोवाल्याला."

त्यांचे खरे होते. लग्नाच्या चित्रीकरणात ते दिसले. त्यावरही माझा विश्वास बसेना म्हणून मी वऱ्हाडातल्या अकरा जणांचे जबाब घेतले. त्यात दिवस गेले. वरून फोन येत राहिले, आणि फोन येत आहेत म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत अशी माझी समजूत वाढत राहिली. दहाव्या दिवशी त्यांना सोडून दिले. जाताना ते शांतपणे म्हणाले, "माझ्यावर तुमचा राग का, ते काय कळलं न्हाय बगा." मलाही सांगता आले नसते.

त्या दहा दिवसांत जीप धुतली गेली, कार्यकर्त्यांचे मोबाईल हरवले आणि अध्यक्षांचा मुलगा पुण्याला गेला.

चालक अजून आमच्या कोठडीत होता. त्याची बायको रोज दुपारी भाकरी घेऊन यायची, पहारेकऱ्याकडे द्यायची आणि झाडाखाली बसून राहायची. धाकट्या मालकांना सोडले त्याच दुपारी ती माझ्यासमोर आली.

"साहेब, एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"आमच्या ह्यांच्या हातनं हे हुनार न्हाय. धाकट्याला हाक मारल्याबिगर हे हात खाली करत न्हाईत."

"धाकटे मालक तर लग्नाला होते, बाई. आत्ताच सोडलं त्यांना."

 पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "मालक न्हाय ओ. पिस्तूल. उजवी नळी थोरला, डावी धाकटा. ह्यांनीच नाव ठेवलंय. थोरला लगेच येतो, धाकटा मागनं येतो. सगळ्या गावाला ठाव हाय."

सगळ्या गावाला ठाऊक होते. पिस्तूल जुने झाल्यापासून डावी नळी मागे पडू लागली होती. पहिला बार झाला की हात वरच धरायचा, मनगटाला झटका द्यायचा, की दुसरा सुटायचा. याला ते 'धाकट्याला हाक मारणे' म्हणत. तोवर हलगी थांबायची आणि धाकटा आला की पुन्हा सुरू व्हायची. कुणी घाई केली तर जुनी माणसे म्हणायची, "थांबा, धाकटा यायचाय." मृताच्या मेहुण्याने अगदी नेमके, सुटसुटीत आणि खरे सांगितले होते. उजवी गोळी वर गेली, डावी मागून आली, डावीने दाजीला घेतले. आम्ही त्याच्या वाक्याला दोन ठिकाणी 'मालक' जोडला आणि दोन नळ्यांची दोन माणसे केली.

मी चालकाला बाहेर काढले. मारहाणीने मिळालेले सत्य न्यायालयात टिकत नाही. पुष्कळदा ते सत्यही नसते. मी त्याला चहा दिला आणि टेबलावरचा रूळ पुढे केला.

"कसं झाडलंस, दाखव."

"आता काय दाखवायचं, साहेब."

"पंचनाम्याला लागतं."

पंचनाम्याला लागतं म्हटले की आपला माणूस काहीही करतो. त्याने रूळ धरून हात वर केला, तोंडाने आवाज केला, आणि हात वरच ठेवून मनगटाला एक झटका दिला. मग हात खाली घेतला.

"हा झटका कशाला?"

त्याने रूळ टेबलावर ठेवला. त्याचा हात त्याच्या जबाबाविरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला होता. त्याच्या लक्षात आले ते मला दिसले.

"कोणाच्या हातात होतं?" मी विचारले.

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "पोरगं सकाळीच पुण्यावनं आल्तं. म्हनलं, पप्पा, मला द्या. त्याला कुणी सांगितलंच न्हाय. मी स्टेअरिंगवर. बार झाला, त्यानं हसत हात खाली घेतला. मी वरडलो, वर धर. पन त्या गलक्यात काय ऐकू येतंय."

"मग तू का कबूल केलंस?"

"मालक म्हनले, तुझ्यावर निभावंल. पोराचं आयुष्य हाय."

"आणि तुझं?"

"माझं काय, साहेब. गाडी कुनीबी चालवतंय." मग म्हणाला, "हे लिहू नका."

तेव्हापासून प्रश्न एकच उरला : गोळी झाडली तो आत जाणार, की त्याची गाडी चालवणारा.

मुख्यालयाच्या शस्त्रागारातल्या हवालदाराला मी बोलावून घेतले. पंचवीस वर्षे पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करणारा माणूस, बोलणे कमी. पिस्तूल सीलबंद होते, ते प्रयोगशाळेलाच जायचे. म्हणून मी त्याला अध्यक्षांच्या शेतावर नेले. गोठ्यामागे नेमबाजीचा पत्रा टांगलेला होता. आम्ही पंचांसमोर तो पाहिला.

"ही भोकं गंजलीत, म्हणजे जुनी," तो म्हणाला. "बघा, जोडीजोडीनं हायेत, दोन बोटांचं अंतर. तवा दोन्ही घोडे संगट पडत व्हते. ही मधली बघा. जोडी फाकली. डावं भोक खाली सरकलंय. म्हणजे उजवी सुटल्यावर हात हालला, मग डावी सुटली."

"आणि ही चकचकीत?"

"ही ताजी. एकेकटी हायेत. डाव्या पत्र्याबाहेरच गेल्या." त्याने एका भोकावरून बोट फिरवले. "डावा घोडा अडवणारा दात झिजलाय, साहेब. घोडा पूर्ण सुटत न्हाय, अर्ध्यात अडकतो. हादरा बसला की पडतो. हे एका दिवसात व्हत न्हाय. ज्याचं पिस्तूल हाय त्याला वर्षभर तरी दिसत आसंल."

तो पत्रा म्हणजे त्या पिस्तुलाचा तब्येतीचा तक्ताच होता. मालकाने तो रोज पाहिला होता, बिघाडाला लाडाचे नाव पडू दिले होते, आणि त्या दिवशी तेच हत्यार न सांगता मुलाच्या हातात दिले होते.

मुलगा वकिलासह आला. स्वच्छ दाढी केलेली, नम्र बोलणे.

"सर, मला पिस्तुलातलं खरंच काही कळत नाही."

त्याच्या जबाबातले हे एकच विधान खरे होते, आणि तेच त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा होते. जीपवरच्या बाकी सगळ्यांना कळत होते. पण पुरावा मला दिसणे वेगळे आणि तो कागदावर उभा राहणे वेगळे. अकराव्या दिवशी त्याच्या हातावर काय सापडणार होते? चालकाच्या हातावर बारुदीचे कण मिळाले होते. पिस्तूल घेऊन पळालेल्या माणसाच्या हातावर ते मिळणारच.

प्रयोगशाळेचा अहवाल आठ महिन्यांनी आला. हवालदाराने पत्र्यापुढे उभे राहून पाच मिनिटांत सांगितले तेच त्यात चार पानांत होते : डाव्या बाजूच्या यंत्रणेत झीज, दोन्ही नळ्यांच्या गोळीबारात सातत्य नाही, मृताच्या शरीरातली गोळी डाव्या नळीची. दहा चाचण्यांत डावी नळी सहा वेळा उशिरा सुटली, तीन वेळा वेळेवर, आणि एकदा सुटलीच नाही.

मी मेहुण्याचा पुरवणी जबाब नोंदवला, या वेळी स्वतः, त्याच्या शब्दांत. मुलावर सदोष मनुष्यवध, अध्यक्षांवर आणि चालकावर शस्त्र कायदा व पुरावा दडवणे असे दोषारोपपत्र पाठवले. चालकाला माफीचा साक्षीदार करण्याचा प्रस्तावही दिला. त्याने नकार दिला. त्याचे घर अध्यक्षांच्या जागेत होते आणि त्याची दोन मुले त्याच गावात लहानाची मोठी होत होती. त्याची बायको मला म्हणाली, "आमी गावात ऱ्हातो, साहेब. तुमची तर बदली व्हती." ती झालीही.

खटला उभा राहिला तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. साक्षीला धाराशिवला आलो. दोन्ही कार्यकर्ते फितूर झाले. त्यांना तर जीपवर कोण होते हेही आठवेना. सगळा भार मेहुण्याच्या साक्षीवर आला : पिस्तुलाचा हात धाकट्याची वाट न बघता खाली आला, आणि तसे करणारा जीपवर एकच नवखा होता. तो पिंजऱ्यात न अडखळता बोलला. मग बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याचा पहिला जबाब हातात घेतला.

"धाकटे मालक मागाहून आले, त्यांनीच दाजींना ठार केले. असं तुम्ही सांगितलं होतं?"

"मालक म्या म्हनलोच न्हाय."

"म्हणजे पोलिसांनी खोटं लिहिलं?"

तो माझ्याकडे बघू लागला. मी समोरच्या बाकावर बसलो होतो. "खोटं न्हाय," तो म्हणाला, "पर तसं न्हाय."

वकिलांना एवढे पुरे होते. आधी भावाला धरले, मग भाऊ लग्नात सापडल्यावर पुतण्याला. आणि मध्ये पोलिसांनी रचलेली थोरल्या-धाकट्याची कहाणी. ऐकताना ती कहाणी मलासुद्धा रचलेलीच वाटली. झिजलेला दात कोणीच नाकारला नाही. त्या दिवशी ते पिस्तूल कोणाच्या हातात होते एवढेच सिद्ध झाले नाही. पत्र्यावरची भोके शेतातल्या कशाचीही असू शकतात, असेही मान्य झाले.

मुलगा निर्दोष सुटला. अध्यक्षांकडे पिस्तूल मिळाले नव्हते, तेही सुटले. चालकाला शिक्षा झाली. पिस्तूल त्याच्या घरातून, त्याने स्वतः काढून दिले होते. बचाव पक्षाने दोन तास घासून पाहिला तरी माझ्या त्या पंचनाम्यात एकही दोष निघाला नाही. निकालपत्रात त्याचे कौतुकही आहे.

निकालानंतर मेहुणा न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटला. खांद्यावर गमछा होता. मला वाटले, शिव्या देईल.

"साहेब, म्या बोललो तेच लिवलं असतं तर?"

"तुला वाचून दाखवलं होतं ना?"

"व्हय. धाकटे मालक आले, असं वाचलं त्यांनी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला वाटलं, सरकारी कागदात पिस्तुलालाबी मान देत असतील."

तो हसला नाही, मीही हसलो नाही. त्याला बहिणीला घेऊन शेवटची बस धरायची होती, तो निघून गेला.

पुढची नोकरी मी जबाब शब्दशः घेत राहिलो. 'व्हय' तर 'व्हय', 'न्हाय' तर 'न्हाय'. न कळलेला शब्द साक्षीदारालाच विचारायचा आणि त्याने दिलेला अर्थ शेजारी लिहायचा, एवढी साधी पद्धत. एका वरिष्ठांनी तपासणीत शेरा मारला : 'जबाबांची भाषा अशुद्ध. यापुढे प्रमाण भाषेत नोंदवावेत.' मी पोच दिली आणि तसेच लिहीत राहिलो. लोक आपल्याशी खोटे बोलतात हे पोलिसाला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. ते खरे बोलतात तेव्हा ऐकायचे कसे, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते शिकण्याची किंमत मी दिलेली नाही.

चालक शिक्षा भोगून आला. त्याच्या जागी अध्यक्षांनी कधीच दुसरा ठेवला होता. हलगीवाल्याच्या मृत्यूसाठी आजपर्यंत कोणालाही शिक्षा झालेली नाही. शिक्षा झाली ती पिस्तूल बाळगल्याची, आणि तीही ते ज्याचे नव्हते त्याला.